गाणे सर्वांचे, कागद कुणाचा?

आपल्याकडे गवयाच्या हातात कागद दिसला तर श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडते. गाणे गळ्यात असावे, पोथीत नसावे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार आहे, आणि तो चुकीचा आहे असे आम्हीही म्हणणार नाही. एकटा गायक राग मांडीत असतो तेव्हा त्याला वाटेत कुणासाठी थांबावयाचे नसते. परंतु चाळीस माणसे एकत्र उभी आहेत, त्यांतील दहाजण वरचा एक स्वर लावीत आहेत, दहाजण त्याच्या खालचा दुसरा, आणखी दहाजण तिसरा व उरलेले खर्जातील चौथा, आणि हे चारही प्रवाह एकाच क्षणी एकमेकांत मिसळावयाचे आहेत, अशी रचना असली म्हणजे केवळ स्मरणावर भागत नाही. युरोपातील वृंदगान या तऱ्हेचे आहे. म्हणूनच त्याच्या इतिहासात गळ्याइतकेच महत्त्व कागदाला आहे. तो कागद कुणी लिहिला, कुणी छापला, किती किमतीला विकला आणि त्याची नक्कल करण्याचा अधिकार कुणाचा, या चार प्रश्नांभोवती गेली कित्येक शतके वाद चालला आहे. आज आम्ही त्या कागदाचीच हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

विषय वरवर पाहता परका वाटेल. परंतु स्नेहसंमेलनासाठी समूहगीत बसविणाऱ्या शिक्षकाला किंवा चर्चमधील गायकवृंदाच्या प्रमुखाला आज जो प्रश्न रोज पडतो, "या गाण्याच्या तीस झेरॉक्स काढल्या तर चालेल का?", तो प्रश्न या इतिहासाच्या पोटातूनच जन्मलेला आहे. कायद्याचे कलम वाचून त्याचे उत्तर अर्धेच मिळते. ते कलम कशासाठी जन्माला आले हे कळले, म्हणजे उरलेले अर्धे उत्तर आपोआप उमगते.

प्रारंभ करावयाचा तो इटलीतील आरेत्सो गावच्या ग्वीदो नावाच्या संन्याशापासून. इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या पहिल्या अर्धातला हा पुरुष. त्याच्यापूर्वी मठांतून स्तोत्रांच्या शब्दांवर काही खुणा काढीत असत. स्वर वर जातो की खाली येतो एवढे त्या खुणांवरून समजे, पण किती वर आणि किती खाली हे समजत नसे. ज्याला चाल आधीच ठाऊक आहे त्याला ती आठवून देणे, एवढेच त्या खुणांचे काम. ग्वीदोने आडव्या रेघा आखल्या आणि रेघांवर व रेघांच्या मधल्या जागांत स्वर बसविले. शिवाय एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची आद्याक्षरे घेऊन उत्, रे, मी, फा, सोल, ला अशी स्वरनामे मुलांच्या तोंडी दिली. परिणाम असा झाला की, जे गाणे पूर्वी कधी ऐकलेले नाही ते केवळ कागद पाहून म्हणता येऊ लागले. पोप एकोणिसावा जॉन याने त्याला रोमला बोलावून घेतले आणि ग्रंथ उघडून स्वतः एक ओळ म्हणून पाहिली. गुरूवाचून गाणे शिकता येते, याचे ते जणू जाहीर प्रात्यक्षिकच होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गाणे गळ्यातून कागदावर उतरले की ते गुरूच्या मुठीतून सुटते. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती गाणे. म्हणजेच स्वरलेखनाने गाणे मोकळे केले, पण त्याच क्षणी मालकीचा प्रश्नही उत्पन्न केला. पुढची सारी हकीकत या दुहेरी परिणामाची आहे.

छपाई येईपर्यंत हा प्रश्न फारसा टोचला नाही, कारण कागदच दुर्मिळ होता. मोठ्या देवळात एक प्रचंड हस्तलिखित चौरंगावर ठेवीत आणि सारा गायकवृंद त्याभोवती दाटीने उभा राहून त्या एकाच ग्रंथातून गाई. १४९८ साली ओत्ताव्यानो पेत्रुची याने व्हेनिसच्या राज्यसभेकडून वीस वर्षांचा मक्ता मिळविला आणि १५०१ मध्ये अनेक कंठांच्या रचनांचा पहिला मुद्रित संग्रह बाहेर काढला. त्याची छपाई देखणी, पण खर्चिक. रेघा, स्वर आणि अक्षरे यांसाठी तोच कागद यंत्राखालून पुन्हा पुन्हा काढावा लागे. पुढे १५२८ च्या सुमारास पॅरिसमध्ये प्येर आतेन्याँ याने रेघेच्या तुकड्यासह स्वर एकाच खिळ्यावर ओतून एका छापात काम भागविले, आणि किंमत उतरू लागली.

पेत्रुचीला मिळालेला मक्ता हा रचनाकाराचा हक्क नव्हता, हे विसरता कामा नये. तो छापणाऱ्याचा हक्क होता आणि राजसत्तेच्या मर्जीतून आलेला होता. इंग्लंडमध्येही तेच घडले. १५७५ साली राणी एलिझाबेथ हिने टॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड या दोन दरबारी संगीतकारांना संगीत छापण्याचा एकवीस वर्षांचा मक्ता दिला. नुसते छापील संगीतच नव्हे, तर स्वर लिहिण्यासाठी आखलेला कोरा कागदसुद्धा त्या मक्त्यात होता! त्याच वर्षी दोघांनी प्रत्येकी सतरा अशा चौतीस लॅटिन रचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. ग्रंथ अप्रतिम, पण खपला नाही. दोन वर्षांतच मक्तेदारांना राणीकडे साहाय्यासाठी अर्ज करावा लागला. मक्ता मिळाला म्हणजे गिऱ्हाईक मिळतेच असे नाही. कागद परवडणारा नसेल आणि तो वाचू शकणारी माणसे थोडी असतील, तर हक्क तिजोरीत पडून राहतो. या एका उदाहरणाचे तात्पर्य पुढे तीनशे वर्षांनी दुसऱ्या एका प्रकाशकाने ओळखले. त्याच्याकडे आम्ही येणारच आहोत.

तत्पूर्वी रोममध्ये डोकावू. पोपच्या सिस्टाइन प्रार्थनामंदिरात ग्रेगोरिओ अल्लेग्री याची 'मिझेरेरे' ही नऊ कंठांची रचना पवित्र सप्ताहात गायिली जाई. अल्लेग्री १६५२ साली वारला, पण त्याच्या रचनेची कीर्ती वाढतच गेली, कारण मंदिराने ती जपून ठेवली होती. आपल्याकडे एखाद्या घराण्याची खास चीज परक्याच्या कानी पडू नये म्हणून जी काळजी घेत, तिचीच ही तऱ्हा. १७७० साली चौदा वर्षांचा मोझार्ट बापाबरोबर रोमला गेला. त्याने ती रचना ऐकली आणि घरी येऊन लिहून काढली, असे बापाने पत्नीला लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. दुसऱ्याच वर्षी, १७७१ मध्ये, चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीतपंडिताने लंडनमध्ये ती छापून टाकली. गुप्तता किती तकलादू असते याचा हा धडा. एका तल्लख कानापुढे कुलूप टिकले नाही.

या रचनेची पुढील कथा तर आणखी बोधप्रद आहे. आज जगभर 'मिझेरेरे' गातात तेव्हा एका ठिकाणी कोवळा आवाज अतिशय वरच्या षड्जापर्यंत चढतो आणि श्रोते रोमांचित होतात. परंतु तो षड्ज अल्लेग्रीने लिहिलेला नाही. १८३१ साली मेंडेल्सन याने रोममध्ये ऐकून टिपलेला एक तुकडा वेगळ्या पट्टीतला होता. १८८० च्या सुमारास ग्रोव्हच्या प्रसिद्ध संगीतकोशातील लेखात तो मूळ रचनेच्या मध्ये जसाच्या तसा जोडला गेला. तेथून तो नंतरच्या आवृत्त्यांत गेला. १९५१ साली आयव्हर अॅटकिन्स यांनी तयार केलेल्या इंग्रजी आवृत्तीने तो गायकवृंदांच्या अंगवळणी पडला. म्हणजे सतराव्या शतकातले म्हणून जे आपण ऐकतो, त्याचा सर्वांत गाजलेला स्वर एकोणिसाव्या शतकातील जोडकामातून आलेला आहे! जुन्या रचनेचा नवा कागद हा नेहमीच सर्वस्वी जुना नसतो. हे वाक्य मनात ठेवावे. कायद्याच्या प्रकरणात ते उपयोगी पडेल.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडमध्ये राणी अॅनच्या कारकिर्दीत १७१० साली जो कायदा अमलात आला, त्याने ग्रंथकर्त्याला चौदा वर्षांचा हक्क दिला, व तो हयात असल्यास आणखी चौदा वर्षांचा. पण त्यात शब्द होता 'पुस्तके'. स्वरांचा कागद हे पुस्तक आहे काय? महान बाखचा मुलगा योहान क्रिस्तियान बाख लंडनला स्थायिक झाला होता. त्याच्या रचना लाँगमन या प्रकाशकाने परवानगीवाचून छापल्या, तेव्हा हा प्रश्न न्यायालयात गेला. १७७७ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निर्णय दिला की, अक्षरांप्रमाणे स्वरचिन्हांनी व्यक्त केलेले विचारही लेखनच होत, आणि म्हणून त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. छापणाऱ्याच्या मक्त्याकडून रचनाकाराच्या हक्काकडे जो प्रवास झाला, त्यातला हा मैलाचा दगड होय.

हक्क ठरला, पण सामान्य माणसाच्या हाती कागद कुठे आला होता? हॅन्डेलच्या 'मसाया' या संगीतस्तोत्राचा पहिला जाहीर प्रयोग डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ रोजी झाला. पण त्याची संपूर्ण स्वरलिपी छापून निघाली ती १७६७ साली, हॅन्डेल वारल्यानंतर आठ वर्षांनी. हॅन्डेलने स्वतःची एक प्रत आणि गायक-वादकांचे सुटे भाग लंडनच्या अनाथालयाला मृत्युपत्राने दिले होते. त्या प्रती म्हणजे संस्थेची मिळकतच होती, कारण त्यांच्या आधाराने होणाऱ्या प्रयोगांतून अनाथ मुलांसाठी पैसा उभा राही. कागदाची मालकी म्हणजे प्रयोगाची मालकी, असा तो काळ.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणगावांतून मोठी हालचाल सुरू झाली. मजूर, कारकून, दुकानांतले नोकर संध्याकाळी गायनवर्गांना जाऊ लागले. १८४१ साली योझेफ माइन्त्सर या जर्मन शिक्षकाने काढलेल्या पुस्तकाचे नावच 'लाखोंसाठी गायन' अशा अर्थाचे होते. गळे होते, हौस होती, शिक्षकही होते. नडत होते ते पुस्तकावर. धातूच्या पत्र्यावर कोरून मोठ्या आकारात छापलेली स्वरलिपी मजुराला परवडणारी नव्हती. मग करावयाचे काय? एक प्रत विकत घ्यावयाची आणि हाताने नकला करावयाच्या. ही नक्कल पोटासाठी केलेली चोरी नव्हती, पण रचनाकाराचे व प्रकाशकाचे नुकसान त्यात होतेच.

येथे जोसेफ आल्फ्रेड नोव्हेलो रंगभूमीवर येतो. त्याच्या बापाने १८११ साली संगीत छापण्यास आरंभ केला होता. मुलगा हाडाचा व्यापारी, पण दूरदृष्टीचा. कोरीव पत्र्यांऐवजी खिळ्यांनी छपाई करावी, आकार आटोपशीर ठेवावा, वाद्यांचे सर्व भाग न देता गायकांचे भाग व खाली पियानोची साथ एवढेच द्यावे, आणि खप हजारोंनी वाढवून किंमत खाली आणावी, हे त्याचे गणित. १८४६ सालापासून त्याने 'मसाया' दरमहा सहा पेन्सांच्या भागांत काढावयास सुरुवात केली. १८४४ पासून तो 'म्युझिकल टाइम्स' हे नियतकालिक चालवीत होता, आणि त्याच्या अंकात गायकवृंदासाठी एखादी रचना छापून देत असे. इतकेच नव्हे, तर जाहिराती, वर्तमानपत्रे आणि कागद यांवरील करांना 'ज्ञानावरील कर' म्हणून जी चळवळ हिणवीत होती, त्या चळवळीतही तो पुढे होता. जाहिरातींवरचा कर १८५३ साली गेला, वर्तमानपत्रांवरचा १८५५ साली आणि कागदावरचा १८६१ साली. स्वस्त गाण्यासाठी स्वस्त कागद हवा, हे त्याने बरोबर हेरले होते.

परंतु स्वस्ताईचा हा पुरस्कर्ता हक्काच्या बाबतीत मुळीच ढिला नव्हता. लिव्हरपूलच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या चिटणिसाने नोव्हेलोच्या मालकीच्या एका रचनेच्या प्रती शिळाछापावर काढल्या आणि सभासदांना फुकट वाटल्या. नोव्हेलोने दावा लावला. बचाव असा की, आम्ही प्रती विकल्या नाहीत, एक छदामही मिळविला नाही, मग हक्कभंग कसला? १८५२ साली न्यायालयाने हा बचाव फेटाळला. प्रत विकली काय किंवा वाटली काय, मालकाचे एक गिऱ्हाईक गेले ते गेलेच, असा या निर्णयाचा मथितार्थ. आजही आपल्याकडे "आम्ही काही पैसे मिळवीत नाही हो!" हे समर्थन सर्रास ऐकू येते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच ते तपासून बाजूला ठेवले गेले आहे.

आता कुणी म्हणेल, एका हाताने किंमत उतरवणारा आणि दुसऱ्या हाताने दावे लावणारा हा मनुष्य विसंगत नव्हे काय? आमच्या मते यात विसंगती नाही. प्रत घेणे हे नक्कल करण्यापेक्षा सोपे व स्वस्त झाले पाहिजे, तरच नकलेला दोष देण्याचा नैतिक अधिकार प्रकाशकाला येतो. नोव्हेलोने तो अधिकार कमावला होता. टॅलिस आणि बर्ड यांच्याजवळ मक्ता होता पण बाजारपेठ नव्हती. नोव्हेलोने आधी बाजारपेठ घडविली आणि मग हक्क मागितला.

किंमत उतरली तरी दुसरी अडचण राहिलीच होती. पाच रेघांची लिपी शिकावयास कठीण. तीवर तोड काढली ती नॉरिचच्या सेरा ग्लव्हर या बाईंनी आणि त्यांच्या पद्धतीला देशव्यापी रूप देणाऱ्या जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने. १८४१ साली हल येथील शिक्षकांच्या परिषदेत कर्वेनवर सोपी गायनपद्धती शोधण्याचे काम सोपविण्यात आले. त्याने रेघा काढूनच टाकल्या. स्वरांच्या नावांची आद्याक्षरे लिहावयाची आणि मात्रा दाखविण्यासाठी उभी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब व पूर्णविराम वापरावयाचे, एवढाच सरंजाम. संगीताचे खास खिळे नकोत. कोणत्याही गावच्या छापखान्यातील साध्या अक्षरांवर काम भागे. या पद्धतीचे नाव 'टॉनिक सोल-फा'. तिच्यात 'डो' हा ठरावीक पट्टीचा नसून, ज्या पट्टीत गाणे असेल तिचा आधारस्वर. म्हणजे आपल्या षड्जासारखाच हलता! मिशनऱ्यांबरोबर ही लिपी आफ्रिकेत पोचली. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतात ज्याचा समावेश झाला, ते गीत एनॉक सोंटोंगा या शाळाशिक्षकाने १८९७ साली रचले, तेही याच लिपीत.

हे ऐकताना आपल्या मनात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची मूर्ती उभी राहिली असेल तर नवल नाही. त्यांनीही सा, रे, ग, म ही अक्षरेच घेतली, कोमल-तीव्र आणि सप्तक दाखविण्यासाठी रेघा व टिंबे वापरली, आणि घराण्यांच्या पेटाऱ्यांतील शेकडो चिजा 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या भागांतून मराठी वाचकापुढे ठेविल्या. त्यांचा मूळ व्यवसाय वकिलीचा, हा योगायोग मोठा सूचक आहे. उस्तादांची कुरकुर अशी की, आमचे धन बाजारात मांडले. पंडितजींचे म्हणणे असे की, मांडले नाही तर ते नष्ट होईल. सिस्टाइन मंदिर आणि बर्नी यांच्यातला तंटा आपल्या मातीत पुन्हा घडला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, हे आज शांतपणे मान्य करावयास हरकत नाही.

गोव्यात गोष्ट निराळ्या वाटेने गेली. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना 'सोल्फेज', म्हणजे पाच रेघांची लिपी पाहून गाणे, शिकविले जाई. या शिक्षणातून गावोगावचे गायकवृंद तयार झाले, आणि त्याच शिदोरीवर गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आपले स्थान मिळविले. संगीत दिग्दर्शक चाल गाऊन दाखवी. ती कागदावर उतरवून पन्नास वाद्यांत वाटून देण्याचे काम बहुधा एखादा गोमंतकीय कलावंत करी. चाल एकाची, कागद दुसऱ्याचा. श्रेय मात्र बहुतेक वेळा पहिल्याचेच.

आता आपला कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहू. स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्यात 'संगीतकृती'ची जी व्याख्या होती तिची अट अशी की, ती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे रेखाटलेली असली पाहिजे. ज्या देशात गाणे हजारो वर्षे मुखोद्‌गत राहिले, त्या देशाच्या कायद्याने न लिहिलेल्या चालीला संगीतकृती मानू नये, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता? ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. संगीत हीच कृती, स्वरलिपी हे तिचे एक रूप, असे आता मानले जाते. ग्वीदोपासून कागदाने मिळविलेले सिंहासन अशा रीतीने भारतीय कायद्यात थोडे खाली आले. आम्हांला तरी ते योग्यच वाटते.

इतका इतिहास ऐकल्यावर गायकवृंदाच्या व्यावहारिक प्रश्नाला हात घालता येईल. कोणताही कागद हाती आला की तीन प्रश्न विचारावे. चाल कुणाची? शब्द कुणाचे? आणि हा कागद कुणी सिद्ध केला? तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगळी माणसे असू शकतात, आणि तिघांचे हक्क वेगवेगळ्या वर्षी संपतात.

चाल आणि शब्द यांचा हक्क भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथांच्या मृत्यूला १९९१ साली पन्नास वर्षे झाली, आणि त्यांच्या साहित्यावरील हक्काचा प्रश्न ऐरणीवर आल्यामुळे १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढविण्यात आली. ब्रिटनमध्ये मुदत सत्तर वर्षांची आहे. त्यामुळे गंमत अशी होते की, १९५८ साली वारलेल्या राल्फ व्हॉन विल्यम्स यांच्या रचना भारतात २०१८ च्या अखेरीस मुक्त झाल्या, पण ब्रिटनमध्ये त्या २०२८ च्या अखेरपर्यंत बंधनात आहेत. म्हणून "हे जुने आहे" एवढे म्हणणे पुरत नाही. कुठे जुने, हेही विचारावे लागते.

तिसरा प्रश्न सर्वांत फसवा. 'मिझेरेरे'चे उदाहरण आता आठवावे. अल्लेग्री सतराव्या शतकात वारला, त्याच्यावर कुणाचाच हक्क नाही. पण अॅटकिन्स यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीतील त्यांचे स्वतःचे काम निराळे. ते १९५३ साली वारले. तेव्हा साठ वर्षांच्या हिशेबाने त्यांचा वाटा आपल्याकडे २०१३ च्या अखेरपर्यंत आणि ब्रिटनमध्ये २०२३ च्या अखेरपर्यंत धरावा लागतो. अशा संपादकाला हक्क असावा का, यावर इंग्लंडमध्ये २००५ साली मोठा निकाल झाला. लायोनेल सॉकिन्स यांनी ललांद या फ्रेंच रचनाकाराच्या तीनशे वर्षांपूर्वीच्या वृंदरचना हस्तलिखितांवरून शोधून, चुका दुरुस्त करून, गळालेले भाग भरून गाण्याजोग्या केल्या होत्या. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या हायपीरियन कंपनीचे म्हणणे, संगीत ललांदचे आहे, यांचे नव्हे. अपील न्यायालयाने सॉकिन्स यांचा हक्क मान्य केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली, न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींच्या प्रकरणात, केवळ घाम गाळणे पुरेसे नाही, कामात थोडी तरी बुद्धी व निवड दिसली पाहिजे, अशी कसोटी घातली. जुनी रचना नुसती पुन्हा टाइप केली म्हणून कुणी मालक होत नाही, पण चार कंठांसाठी नवी बांधणी केली तर तिच्यामागच्या बुद्धीचा मान राखावाच लागतो.

मात्र नवी बांधणी करणाऱ्यानेही मूळ मालकाला विचारले पाहिजे. अमेरिकेतील आयोवा राज्यात एका गायनशिक्षकाने एका लोकप्रिय भक्तिगीताची आपल्या विद्यार्थ्यांसाठी नवी बांधणी केली, शाळेच्या यंत्रावर सुमारे अठ्ठेचाळीस प्रती काढल्या, आणि ते गीत एकदा शाळेत व एकदा चर्चमध्ये गाववून घेतले. हेतू निर्मळ होता; त्याने नंतर मूळ मालकाला आपण होऊन कळविलेही. तरीही १९६२ साली तेथील अपील न्यायालयाने हक्कभंग झाल्याचेच ठरविले. झेरॉक्सचे '९१४' हे यंत्र तीनच वर्षांपूर्वी, १९५९ मध्ये, बाजारात आले होते. पुढे गल्लोगल्ली जे होणार होते त्याची ही नांदीच होती.

आपल्या कायद्याने गाणाऱ्यांना काही सवलती दिल्या आहेत, आणि त्या उदार आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांपुढे केलेला प्रयोग, किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेला प्रयोग, हा हक्कभंग ठरत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणेही मोकळे आहे, आणि विवाहसोहळ्यालाही ही सवलत लागू आहे. शाळा-महाविद्यालयांतील कार्यक्रमांना मर्यादित सूट आहे. पण या सवलती गाण्याच्या आहेत, छापण्याच्या नव्हेत. वरातीत गाणे म्हटले म्हणून त्याच्या शंभर प्रती काढून वाटण्याचा परवाना मिळत नाही. हा भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळ घोटाळे टळतील.

आणि ज्या रचना मुक्त आहेत, त्यांची वाट आज पूर्वी कधी नव्हती इतकी सोपी आहे. वृंदगानाच्या मुक्त रचनांचे 'कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी' हे इंटरनेटवरील ग्रंथालय १९९८ पासून चालू आहे, आणि हौशी माणसांनी कष्टाने सिद्ध केलेल्या हजारो स्वरलिपी तेथे विनामूल्य मिळतात. नोव्हेलोने सहा पेन्सांवर आणलेला कागद आता किमतीवाचून घरी येतो. मात्र तेथेही तीन प्रश्न विचारावेच लागतात.

या साऱ्यातून आमच्या मनाला जे पटले ते थोडक्यात असे. स्वरलेखनाने गाणे बहुजनांचे झाले, छपाईने ते स्वस्त झाले, आणि कायद्याने त्यामागच्या श्रमाला किंमत दिली. यांतले एकही काम दुसऱ्याचे वैरी नाही. वैर उत्पन्न होते ते कागद महाग आणि दुर्मिळ ठेवला म्हणजे, किंवा श्रमाचा मोबदला बुडविला म्हणजे. मुंबईत १९५६ साली व्हिक्टर परंज्योती यांनी जो गायकवृंद उभा केला, त्याने भारतीय कंठांना ही कला साधते हे दाखवून दिले. परंतु मराठी शब्दांच्या, आपल्या चालींवर बांधलेल्या वृंदरचना छापील स्वरलिपीत मिळावयाच्या म्हटल्या तर आजही शोध घ्यावा लागतो. शाळाशाळांतून समूहगीते बसविणारे कितीतरी गुणी शिक्षक आपली बांधणी वहीत लिहितात, आणि त्यांच्यामागे ती वही रद्दीत जाते. तिला ना छपाई लाभते ना हक्क.

तेव्हा झेरॉक्सच्या दुकानी उभे राहिलेल्या शिक्षकाला आमचे सांगणे एवढेच : आधी तीन प्रश्न विचारा, परवानगी लागत असेल तर एक पत्र टाका, आणि बांधणी तुमची स्वतःची असेल तर कागदाच्या डोक्यावर आपले नाव व साल न चुकता लिहा.